खिडकीमागचं पान

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीकडे वळलं की आधी आवाज कानावर येतो, कारागीर नंतर दिसतात. तांब्याच्या भांड्यावर एका लयीत हातोडी पडत असते. याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक घावाचा एक बारीक गोल ठसा उठतो आणि असे हजारो ठसे एकमेकांना खेटून बसले की भांडं झळाळतं आणि टणकही होतं.

आता हा आवाज कागदावर काढायचा आहे, असं समजा. चौकटी दोनच. पहिलीत तांबटाने हातोडी उचलली आहे, समोर हंडा आहे. दुसरीत कौलांवरची कबुतरं फडफडत उडाली आहेत. हातोडी हंड्यावर पडल्याचं चित्र कुठेही नाही, ‘ठण्ण’ असं अक्षरही लिहिलेलं नाही. तरीही घाव ऐकू आला! तो वाजला दोन चौकटींमधल्या बोटभर कोऱ्या पट्टीत, आणि तिथे तो वाचकानेच वाजवला.

चित्रकथेचं खरं नवल मला या पट्टीत दिसतं. म्हणूनच एखाद्या छोट्या प्रकाशकाने पंधरा-वीस चित्रकार गोळा करून काढलेला चित्रसंग्रह हातात आला की मी आधी मोकळ्या जागा पाहते. दोन चौकटींच्या मधली जागा, दोन पानांच्या मधली, एका चित्रकाराचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथली. रेषा सुंदर असलेले संग्रह पुष्कळ मिळतात. या जागा कुणीतरी जीव लावून सांभाळल्या आहेत, असे थोडे.

मराठीला ही गोष्ट नवी नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातल्या कथा चित्रांवरून सांगत आले आहेत. त्यांच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सुटे कागद, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेले. कथेकरी एक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो, गातो, निवेदन करतो आणि मग पुढचं धरतो. दोन चित्रांमधली जागा त्याचा आवाज भरून काढतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात या परंपरेतली चित्रं आहेत. ती काचेमागे पाहताना एक गोष्ट जाणवते. प्रत्येक पात्राचा डोळा मोठा, टक्क उघडा आणि बहुधा समोरच्या पात्रावर खिळलेला. पुढे काय होणार, याची ओढ त्या डोळ्यांतच आहे.

छापखाने आल्यावर आवाज गेला, कागद उरला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीला दर वर्षीचा एक मोठा संग्रह मिळाला. पुढे या प्रथेतून फक्त विनोदाला आणि व्यंगचित्रांना वाहिलेले अंक निघाले. छोटा प्रकाशक, एका संपादकाची आवड आणि दरसाल जमणारी चित्रकारांची पंगत, हे सगळं त्यांत होतं. जगात इतरत्र ज्याला कॉमिक्सचा संग्रह म्हणतात, त्याचं आपल्या घरचं रूप म्हणजे हा अंक.

१९५२ सालच्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ शि. द. फडणीस यांनी काढलं होतं. तरुण आणि तरुणी शेजारी उभे आहेत. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. शब्द एकही नाही. आपण एका कपड्यावरून दुसऱ्याकडे नजर नेतो आणि त्या प्रवासात हसू फुटतं. इथे चौकट एकच आहे, तरी मधली जागा आहेच. मागाहून शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही फडणिसांची चित्रं आली आणि कित्येक मुलांना बेरीज-वजाबाकीच्या शेजारी तेच हसू भेटलं.

मला सगळ्यांत जास्त थक्क करते ती ‘आवाज’ची खिडकी. मधुकर पाटकरांनी १९५१ साली ‘आवाज’ हा दिवाळी अंक सुरू केला आणि त्यातली खिडकीचित्रं घराघरांत पोचली. पानाला एक चौकोन कापलेला असतो. त्यातून मागच्या पानाचा तुकडा दिसतो आणि पुढच्या चित्रात तो असा चपखल बसतो की मनात भलताच अर्थ येतो. पान उलटलं की पूर्ण चित्र समोर येतं आणि प्रकरण अगदी साधं निघतं. तुकडा तोच, शाईची एक रेघही बदललेली नाही. बदलला तो शेजार.

पण यातली कारागिरी नीट पाहा. समजा, खिडकी पाचव्या पानावर आहे. तिच्यातून सातव्या पानाचा तुकडा दिसतो. पाचव्या पानाची पाठ म्हणजे सहावं पान, म्हणजे भोक त्यालाही पडलं. पान उलटून डावीकडे टेकलं की सहाव्या पानाच्या खिडकीतून चौथ्या पानाचा तुकडा डोकावू लागतो. एका कापलेल्या चौकोनासाठी चौथं, पाचवं, सहावं, सातवं अशी चार पानं एकमेकांशी जुळवून घ्यावी लागतात. कापणी जरा सरकली तर सगळा खेळ फसतो. वहीचा कागद घ्या, चौकोन कापा, करून बघा. पहिल्या प्रयत्नात जमत नाही.

कागदाची गोष्ट निघाली की पुन्हा कसब्यातच यावं लागतं. या पेठेत कागदीपुरा आहे, हातकागद बनवणाऱ्या कागद्यांच्या वस्तीचं नाव अजून मिरवणारा. चिंध्या आणि ताग कुटून केलेला लगदा पाण्यात सोडायचा, साच्यावर उचलायचा, वाळवायचा, खळ लावून घोटायचा, तेव्हा एक ताव तयार व्हायचा. संपादकाचं कामसुद्धा या तावापासूनच सुरू होतं.

एक मोठा कागद घेऊन तीनदा घडी घाला. आठ पत्रं, म्हणजे सोळा पानं झाली. पुस्तकासारखे आकडे टाका आणि कागद पुन्हा उलगडा. पहिल्या पानाला सोळावं जोडलेलं दिसेल, आठव्याला नववं, चौथ्याला तेरावं. शिवणीच्या घडीवर जोडलेल्या कुठल्याही दोन पानांची बेरीज सतरा! छापखान्यात या सोळा पानांना एक फॉर्म म्हणतात. तावाच्या एकाच बाजूला रंग छापायचा ठरला आणि आतली बाजू निवडली, तर रंग २-३, ६-७, १०-११ आणि १४-१५ या जोड्यांनाच मिळतो. मग संपादक बसून ठरवतो. रंगीत जोडीवर कोण येईल? तिच्या मागे काळ्या शाईतलं कुणाचं काम ठेवलं तर ते फिकं न पडता उठून दिसेल? दीर्घ, दुःखी चित्रकथेनंतर श्वास घ्यायला एक पान कोणतं? हा क्रम लावणं हीच संग्रहाची रचना, आणि त्यावर कुणाचंही नाव छापलेलं नसतं.

छोट्या प्रकाशकाच्या कामात संपादकाचा हा हात लांबवर पोचतो. न्यूयॉर्कमध्ये आर्ट स्पीगेलमन आणि फ्रान्स्वाज मूली या जोडप्याने १९८० साली ‘रॉ’ नावाचा चित्रसंग्रह स्वतः प्रकाशित करायला सुरुवात केली. १९८५ सालच्या सातव्या अंकाच्या मुखपृष्ठाचा कोपरा त्यांनी प्रत्येक प्रतीवर हाताने फाडला आणि फाटका तुकडा आत चिकटवून दिला. मोठ्या छापखान्याच्या पट्ट्यावर हे कोण करणार? याच ‘रॉ’मध्ये स्पीगेलमन यांची ‘माउस’ छोट्या पुस्तिकांच्या रूपात, अंकात जोडून, हप्त्याहप्त्याने आली. नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची ही कथा. उंदीर म्हणजे ज्यू, मांजरं म्हणजे जर्मन. १९९२ साली तिला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर ज्या दोन प्राण्यांनी हसवलं होतं, त्यांच्याच शेजाराने इथे काळजाचं पाणी केलं.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या दिवाळीत कसब्यातून चालत पुस्तकांच्या दुकानांच्या आप्पा बळवंत चौकात जा आणि चित्रांचा एखादा अंक, एखादा छोटा संग्रह उचला. आवडता चित्रकार शोधत मधूनच उघडू नका. पहिल्या पानापासून क्रमाने वाचा आणि एखाद्या पानावर हसू आलं किंवा गलबललं, तर मागचं पान उलटून पाहा. त्या पानाने ही जागा तयार केली होती का? मनातल्या मनात ते पान काढून टाका. त्यामुळे पुढच्या पानाचा रंग उतरत असेल तर तो संग्रह विकत घ्या आणि जपून ठेवा. कुणीतरी त्याचा ताव उलगडून, आकडे टाकून, तुमच्यासाठी रात्री जागवल्या आहेत.