पर्समधले द्रोण

काशीच्या कचौडी गल्लीत सकाळी सातला कढईभोवती उभं राहिलं की कुणी कुणाकडे बघत नाही. पानाच्या द्रोणात दोन कचौड्या, वर बटाट्याची रस्साभाजी, शेजारी जिलबी. खायचं, द्रोण टाकायचा आणि निघायचं. ब्रह्माघाटाजवळच्या, आमच्या नात्यातल्या एक बाई मात्र द्रोण तिथे टाकत नसत. चार झाले की एकात एक घालून, चेपून पर्समध्ये ठेवत आणि लांबच्या कोपऱ्यावर टाकून येत. घरी आल्यावर सगळ्यांबरोबर पोहे. दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास, तिसऱ्या दिवशी पुन्हा गल्ली. अकरा वर्षं घरात कुणाला पत्ता लागला नाही. उलट त्यांच्या उपासांचं कौतुक व्हायचं.

आपल्याकडे याला खादाडपणा म्हणतात, फार तर भस्म्या. पण भस्म्यात निदान भूक तरी असते. इथे भूक नसतानाही थोड्या वेळात इतरांहून पुष्कळ जास्त खाल्लं जातं, हात थांबत नाही, आणि नंतर स्वतःचीच किळस येते. आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं की त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये असं खाणं नोंदवलं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र आजाराची जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये. खाल्लेल्याची भरपाई म्हणून उपास, उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या सुरू झाल्या तर तो बुलिमिया नर्व्होसा. हे नाव जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये दिलं. म्हणजे बाईंच्या ज्या उपासांचं घरात कौतुक होत होतं, ते आजाराचाच भाग होते. (उलट्या आणि गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. तिथे घरगुती उपाय करत बसू नये.)

उपाशी राहिल्यावर खा खा का सुटते, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात दिसलं. ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती पोरं स्वयंपाकाची पुस्तकं वाचू लागली, ताटल्या चाटू लागली. पोटभर अन्न पुन्हा मिळाल्यावरही काहींचं खाणं बरेच दिवस आवरेना. यातल्या कुणालाही आधी खाण्याची खोड नव्हती.

काशीला मात्र ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक असावी. शंकर म्हणाला, जग ही माया, अन्नही मायाच. पार्वती अंतर्धान पावली, दुष्काळ पडला, आणि शेवटी महादेव वाडगा घेऊन अन्नपूर्णेच्या दारी आला. देवळात ही गोष्ट दानाचा महिमा म्हणून सांगतात. मला त्यात अन्नाला खोटं ठरवून बसलेला आणि मग हात पसरावा लागलेला माणूस दिसतो.

हात कुणापुढे पसरायचा, हा खरा प्रश्न. बाईंनी आधी एका आहारकेंद्राचा तक्ता आणला होता. रात्री फक्त सूप. तो आठ दिवस टिकला. दुसरी वाट गटाची. लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी १९६० मध्ये ओव्हरईटर्स अनॉनिमस ही मंडळी जमली, ती दारू सोडणाऱ्यांच्या गटांच्या धर्तीवर. फी नाही, आडनाव नाही, आणि समोरच्यालाही तेच दुखणं असतं. त्यांची मदत अनेकांना होते. पण दारू अजिबात सोडता येते, जेवण सोडता येत नाही. अन्नाचं व्यसन ही चीज निदानसूचीत अजून नाही. येल विद्यापीठात २००९ मध्ये ते मोजायची प्रश्नावली निघाली, तरी वाद मिटलेला नाही. गोड कायमचं बंद करा, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, बंदी आली की ओढ वाढते. माझा कल दुसरीकडे आहे. ज्या गावात हिवाळ्यात गल्लोगल्ली मलइयोचे, म्हणजे दुधाच्या गोड फेसाचे, मातीचे पुरवे भरले जातात आणि दिवाळीनंतर अन्नकूट असतो, तिथे बंदी किती दिवस पाळणार?

दुसऱ्या बाजूची पद्धत ऐकायला अगदी अळणी वाटते. तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, चार तासांहून जास्त खंड नाही. काल कितीही खाल्लं असलं तरी आजचं जेवण चुकवायचं नाही. काय, कुठे, कुठल्या मनःस्थितीत खाल्लं ते त्याच वेळी वहीत टिपायचं. हे एकट्यानं जमणं कठीण, म्हणून सोबत लागते. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं, मराठीतसुद्धा.

घरच्यांची अडचण वेगळीच. आपल्या घरांत माया दोनच वाक्यांत बोलते: "घ्या हो अजून एक" आणि "किती खाता, वजन बघा!" सोबत करणाऱ्याला ही दोन्ही वाक्यं गिळावी लागतात. डब्यांना कुलूप लावणारा माणूस पहारेकरी होतो, आणि पहारेकऱ्याला चुकवायचं कसब या आजारात आधीच आलेलं असतं.

बाईंनी प्रथम सांगितलं ते धाकट्या जावेला, गच्चीवर पापड वाळत घालताना. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. पापड उलटत म्हणाली, "वहिनी, उद्या मीही येते गल्लीत." दुसऱ्या दिवशी दोघींनी एकेक द्रोण खाल्ला आणि तिथेच टाकला. रुग्णालय, वही, हे सगळं त्यानंतर.

अजूनही अधूनमधून पर्समध्ये द्रोण सापडतात. परवा अन्नकुटाच्या गर्दीतून त्यांचा फोन आला, "आज तीन झाले गं." जावेनं किती आणि काय विचारलं नाही. म्हणाली, "या घरी. दीडला खिचडी टाकतेय, दोघींची."