छायाचित्रकलेतील विषय, शैली आणि प्रेरणा : एडवर्ड वेस्टनचे उदाहरण

कलावंताला प्रेरणा विषयापासून मिळते की ती त्याच्या अंतःकरणातूनच उद्भवते, हा सौंदर्यशास्त्रातील जुना प्रश्न होय. छायाचित्रकलेच्या बाबतीत त्याला विशेष धार येते. कारण छायाचित्रकाराला विषय केवळ कल्पनेने निर्माण करता येत नाही, तो भिंगासमोर प्रत्यक्ष असावा लागतो. एडवर्ड वेस्टन (१८८६–१९५८) या अमेरिकन छायाचित्रकाराच्या कार्याच्या आधारे या प्रश्नाचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

वेस्टनने १९११ मध्ये कॅलिफोर्नियात व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ काढला. मृदू, किंचित अस्पष्ट आणि चित्रकलेचा आभास उत्पन्न करणारी जी शैली त्या काळी प्रतिष्ठित होती, तीत त्याने नावलौकिक मिळविला. पुढे १९२२ मध्ये ओहायो राज्यातील मिडलटाउन येथील पोलादाच्या कारखान्याची त्याने छायाचित्रे घेतली. तेथील उत्तुंग धुराडी व नळ यांच्या रेखीव कडा मृदू शैलीच्या धुक्यात विरल्या असत्या, तर त्या विषयाचा प्राणच हरपला असता. येथे विषयाने मागणी केली आणि शैलीला बदलावे लागले.

यानंतरचा प्रवास उलट दिशेचा आहे. कारखान्याच्या निमित्ताने दृढ झालेली सुस्पष्ट दृष्टी तो क्षुद्र मानलेल्या वस्तूंकडे वळवू लागला. मेक्सिकोतील वास्तव्यात, १९२५ मध्ये, त्याने शौचपात्राचे छायाचित्र घेतले. त्यात उपहास नाही, आकाराचा गंभीर शोध आहे. १९२७ मध्ये हेन्रिएटा शोअर या चित्रकर्त्रीकडील शंख पाहून त्याने शंखांची मालिका आरंभिली. १९३० मधील ‘पेपर क्रमांक ३०’ या प्रसिद्ध चित्रात एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नसराळ्यात ठेवलेली आहे. नसराळ्याच्या वक्र भिंतीवरून परावर्तित झालेला प्रकाश मिरचीच्या वळणांवर पडतो व तिला शिल्पाची घनता येते.

येथे तंत्राचा भागही ध्यानात घेतला पाहिजे. भिंगाचे छिद्र लहान केले की जवळचा व दूरचा भाग एकाच वेळी सुस्पष्ट उमटतो. परंतु आत येणारा प्रकाश घटल्यामुळे प्रकाशनाचा काळ वाढवावा लागतो. इतका वेळ हालचाल करणारा विषय स्थिर राहत नाही. मिरची व शंख राहतात. म्हणजे विषयाने शैली घडविली, तशीच शैलीने पुढील विषयांची निवड केली. १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, इमोजेन कनिंगहॅम प्रभृतींसह वेस्टनने ज्या मंडळात भाग घेतला, त्याचे ‘एफ ६४’ हे नावही अशा अतिलहान छिद्राच्या मापावरूनच पडले.

यावरून असे दिसते की, नवनवे विषय धुंडाळल्याने प्रेरणा आपोआप लाभते हे मत जितके अपुरे, तितकेच विषय गौण असून दृष्टीच सर्वस्व होय हे मतही अपुरे आहे. कारखाना पाहिला नसता, तर कदाचित मिरची दिसली नसती. पण मिरचीचे चित्र कारखान्याने काढले नाही. म्हणून छायाचित्राचा अभ्यास करताना ते कशाचे आहे एवढेच विचारून थांबू नये. विषयाने कलावंताच्या साधनांकडून काय मागितले, आणि त्या साधनांनी पुढे त्याला काय पाहावयास लावले, हे दोन प्रश्न अभ्यासकाने विचारले पाहिजेत. प्रेरणेचा माग या परस्परसंबंधातच लागण्याचा संभव अधिक आहे.