बिजागरीवर आलेले आळ

पावसाळा लागला की कोकणातल्या घराघरांतून सुताराला एकच निरोप जातो: दार अडकतंय, बिजागरी गेली वाटतं. सुतार येतो, कडेवरून रंधा फिरवतो, बिजागरीत तेल सोडतो आणि दार लागतंय असं दाखवून जातो. ऑक्टोबरच्या उन्हात तेच दार चौकटीत खुळखुळायला लागतं, फटीतून उजेड आत येतो. तेव्हाही बोलणी बिजागरीलाच.

बिजागरीचा यात काही संबंध असेलच असं नाही. लाकूड ओल धरून फुगतं ते तंतूंच्या आडव्या अंगानं. उभ्या अंगानं जवळजवळ नाहीच. दाराच्या फळ्या उभ्या असतात, म्हणून पावसात दार रुंद होतं, उंच होत नाही. यावरून दुखणं घरबसल्या ओळखता येतं. कडीकडची बाजू वरपासून खालपर्यंत सारखीच घासत असेल, तर तो पाऊस आहे. शक्यतो रंधा मारू नये, दिवाळीपर्यंत दार आपोआप सुटतं. पण फक्त वरचा कोपरा चौकटीला लागत असेल आणि खाली फरशीवर अर्धवर्तुळाकार चरा पडत असेल, तर पाऊस निर्दोष आहे. दार खाली बसलंय. अशा वेळी रंधा मारणं म्हणजे दाराचा बळी देणं.

आता खाली बसलेल्या दाराबद्दल. दोन बिजागऱ्या असल्या की प्रत्येकीवर निम्मं वजन येतं, ही समजूत अगदी साहजिक आहे, पण अपुरी. दाराचं वजन खाली जातं हे खरं. पण दार एकाच कडेला धरलेलं असल्यामुळे ते पुढच्या अंगाला कलंडायलाही बघतं. हे कलंडणं अडवताना वरची बिजागरी चौकटीपासून बाहेर ओढली जाते आणि खालची चौकटीत दाबली जाते. समजा दार 30 किलोचं आहे, 90 सेंटिमीटर रुंद आहे आणि दोन बिजागऱ्यांमध्ये 150 सेंटिमीटर अंतर आहे. वजनाचा मध्य कडेपासून 45 सेंटिमीटरवर. 30 गुणिले 45 भागिले 150, म्हणजे वरच्या बिजागरीवर 9 किलोची आडवी ओढ, आणि तीही अहोरात्र. त्यात 25 किलोच्या चिरंजीवांनी मुठीला लोंबकळून झोका घेतला की ओढ आणखी 15 किलोंनी वाढते. म्हणून पहिल्यांदा ढिले होतात ते वरच्या बिजागरीचे स्क्रू. आणि ढिले होतात म्हणजे तरी काय? स्क्रू जसाच्या तसा असतो, पोलाद जसंच्या तसं असतं. भोकातलं लाकूड पिठासारखं झालेलं असतं. त्यात नवी, महागडी, पितळी बिजागरी त्याच भोकांवर बसवली तर ती पुढच्या पावसाळ्याआधी तेच करणार. भोकात लाकडाची काडी डिंक लावून ठोकायची, वाळू द्यायची आणि आधीपेक्षा लांब स्क्रू मारायचा, एवढाच तो इलाज आहे.

तिसरी बिजागरी मधोमध लावली की भार तिघींत सारखा वाटला जातो, हेही तसंच. मधली बिजागरी दाराला बाक येऊ देत नाही, त्यासाठी ती चांगली. पण वरच्या बिजागरीची ओढ ती फारशी हलकी करत नाही. जड दाराला ओढीचीच भीती असेल तर तिसरी बिजागरी वरचीच्या थोडी खाली लावावी.

एक शत्रू मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. बिजागरीच्या बाजूच्या फटीत अडकलेला खडा, पेन्सिलीचा तुकडा किंवा वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तिथेच खोचलेली कागदाची घडी. कडेपासून 5 सेंटिमीटरवर खडा आहे आणि तुम्ही 90 सेंटिमीटरवरून 5 किलोचा सहज धक्का दिलात, तर खड्यावर 90 किलोचा दाब येतो आणि बिजागऱ्यांना 85 किलोंची ओढ बसते. दार अडवणारा ठोकळा मुठीकडच्या बाजूला असावा तो यासाठी.

तेलाचं सांगायलाच हवं, कारण ‘तेल घाला’ हा सल्ला घरात फुकट मिळतो. कुरकुर म्हणजे खिळा आणि नळी यांच्यातलं कोरडं घर्षण: अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं, तेही इतक्या भराभर की त्याचा आवाज होतो. तिथे तेल चालतं. पण स्वयंपाकाचं तेल काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं, आणि खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे नाशिककरांच्या डिसेंबरात त्याचा उपयोग शून्य. खिळा वर ठोकून काढावा, पुसावा, शिलाई मशीनचं तेल किंवा मेण लावून परत घालावा. बसलेलं दार मात्र तेलानं उठत नाही. कुरकुर थांबते आणि दार मुकाट्यानं बसत राहतं, एवढाच फरक.

काही बिजागऱ्यांना तर तेल म्हणजे विष. लॅपटॉपचा पडदा हव्या त्या कोनात थांबतो तो आतल्या घर्षणामुळे. तिथलं घर्षण हा दोष नसून तेच तिचं काम आहे. ‘बिजागरी तुटली’ म्हणून दुरुस्तीला आलेले बरेच लॅपटॉप उघडून पाहिले तर धातू धडधाकट असतो. तुटलेली असतात ती प्लॅस्टिकची बोंडं, ज्यांत तिचे स्क्रू रोवलेले होते. एका कोपऱ्याला धरून पडदा उघडायची सवय त्यांच्या मुळावर येते.

किल्ल्यावर गेलं की आणखी एक समजूत भेटते: एवढ्या प्रचंड दरवाजाच्या बिजागऱ्या केवढ्या असतील! जुन्या भव्य दरवाजांना बहुधा बिजागऱ्या नसतातच. दाराच्या कडेचा जाड खांब वर आणि खाली टोकासारखा पुढे काढलेला असतो. खालचं टोक दगडातल्या खळग्यात उभं राहतं आणि वरचं टोक दगडातल्या भोकात फिरतं. दार गेलं, कुजलं, जळलं तरी हे खळगे कमानीत राहिलेले दिसतात; बाजूच्या भिंतींतली चौकोनी खोल भोकं वेगळी, ती अडसरासाठी. दारावरच्या लोखंडी पट्ट्यांना पुष्कळ जण बिजागरी समजतात, पण त्या फळ्या बांधून ठेवायला असतात. ही रीत फार जुनी. असीरियाचा राजा तिसरा शाल्मनेसर याच्या, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या, बलावत इथल्या दरवाजांच्या काशाच्या पट्ट्या होर्मुझ्द रस्सामला 1878 साली मिळाल्या. आज त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते दरवाजेही असेच टोकांवर फिरत. यातली हुशारी अशी की दाराचं सगळं वजन थेट जमिनीत उतरतं आणि लाकडातून उपटून निघायला स्क्रूच नसतो.

शाळेच्या पुस्तकात कोपर आणि गुडघा यांना ‘बिजागरीचा सांधा’ म्हटलेलं असतं. कोपरापुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. कोपराजवळ हात वळवल्यासारखा वाटतो, पण तळवा वर-खाली फिरतो तो पुढच्या हाताची दोन हाडं एकमेकांभोवती फिरल्यामुळे. गुडघ्याच्या बाबतीत मात्र ते वाक्य मुलांना सांगायचं सोपं सत्य आहे. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात ठेवा, टाच जमिनीवर टेकवून पाऊल डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि नडगीच्या वरच्या टोकावर बोटं ठेवून पाहा: हाड फिरताना कळतं. शिवाय पाय सरळ करताना अगदी शेवटी नडगी किंचित बाहेरच्या बाजूला वळते आणि सांधा जणू कुलूपबंद होतो. म्हणून फार श्रम न होता आपण उभे राहू शकतो.

या गैरसमजाची किंमत शस्त्रक्रियेच्या इतिहासानं मोजली आहे. बर्लिनचे थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी 1890 च्या सुमारास हस्तिदंताची बिजागरी गुडघ्यात बसवली. जंतुसंसर्गानं तो प्रयोग फसला. स्वीडनचे बोर्ये वाल्डियुस यांनी 1951 मध्ये पुन्हा बिजागरीचाच कृत्रिम गुडघा आणला. तो फक्त पुढे-मागे वाकायचा. चालताना पायाला वळायचं असे, बिजागरी वळू देत नसे, आणि ती न झालेली वळण्याची ओढ सगळी हाडावर जाई. पुढे अशा सांध्यांत वारंवार एकच तक्रार आली: सांधा शाबूत, पण हाडातली पकड ढिली. वरच्या बिजागरीच्या स्क्रूचीच गोष्ट, फक्त लाकडाच्या जागी हाड.

आपल्याकडे गुडघा बदललेल्या माणसाबद्दल ‘वाटी बदलली’ म्हणतात, तेही खरं नाही. नेहमीच्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूचं आवरण आणि नडगीवर धातूची बैठक बसवतात, मध्ये कठीण प्लॅस्टिकचा थर असतो. वाटी बहुतेक वेळा रुग्णाची स्वतःचीच राहते, फार तर तिची आतली बाजू बदलतात. आणि बिजागरी तर नसतेच. दोन्ही भागांना एकत्र ठेवतात ते रुग्णाचेच अस्थिबंध. फिरू शकणारी सुधारित बिजागरी आजही वापरतात, पण ती हे अस्थिबंध निकामी झाले असतील, गाठीमुळे हाड काढावं लागलं असेल किंवा आधीचा कृत्रिम सांधा बदलायचा असेल तेव्हा.

पोस्टाच्या तिकिटांच्या संग्राहकांचा ‘हिंज’, म्हणजे नावानं बिजागरीच, याहून गरीब: डिंक लावलेला कागदाचा घडी घातलेला कपटा, तिकीट वहीत टांगायला. हिंज लावलेलं तिकीट कवडीमोल, असं नवे संग्राहक ऐकून येतात. 1948 च्या गांधीजींच्या 10 रुपयांच्या तिकिटाला मागे डिंक अखंड असेल तर जास्त किंमत येते, हे खरं. पण एकोणिसाव्या शतकातल्या तिकिटांना हिंजची खूण असणं ही रीतच होती. तिथे त्यावरून कुणी नाक मुरडत नाही. टपालात वापरलेल्या तिकिटाला तर मागे डिंकच उरलेला नसतो.

राहिली ती इमारतीतली, न दिसणारी बिजागरी. भूकंपात चांगल्या इमारतीला तडाच जाऊ नये, अशी आपली अपेक्षा असते. अभियंत्यांची तशी नसते. मोठ्या हादऱ्याची ताकद कुठेतरी जिरवावी लागते, म्हणून बीमची टोकं, कॉलमला मिळतात त्याच्या जवळ, वाकून लांबतील पण तुटणार नाहीत अशी बनवतात. आतलं पोलाद ताणलं जातं, काँक्रीट तडकतं आणि त्या जागी बीम बिजागरीसारखा थोडा वळतो. भारतीय मानक 13920 ची 2016 ची आवृत्ती सांगते की जोडावर भेटणाऱ्या कॉलमांची वाकण्याला विरोध करायची एकूण ताकद बीमांच्या किमान 1.4 पट हवी. हेतू हा की बिजागरी व्हायचीच तर बीममध्ये व्हावी. ती एका मजल्याच्या सगळ्या कॉलमांत वर-खाली झाली तर तो मजला आडवा सरकतो आणि वरचे मजले त्यावर बसतात. 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत खाली पार्किंग मोकळं ठेवलेल्या कित्येक इमारतींचा तळमजला असाच गेला.

इथेही सगळी मदार बिजागरी कशात धरली आहे यावरच. कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत सळ्यांभोवतीच्या रिंगा दाट हव्यात आणि त्यांची टोकं 135 अंशांत आत वळवलेली हवीत. साइटवर ती 90 अंशांतच वाकवून सोडली जातात, कारण तेवढंच पटकन होतं. काँक्रीटचं आवरण उडालं की अशी रिंग उघडते. घर बांधून घेत असाल तर स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी जाऊन तेवढं पाहून या. आणि हादऱ्यानंतर बीमच्या टोकाला उभा तडा दिसला तर अभियंत्याला बोलवा. कॉलमच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला तिरका तडा दिसला तर आधी बाहेर पडा, मग बोलवा.