जेवताना येणारी सूज : लाळग्रंथींचा दाह

गतवर्षी पर्युषणात मी चौविहार उपवास केला. दुसऱ्या दिवशी पारण्याचा पहिला घास घेताच उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. तासाभरात ती ओसरली. सायंकाळच्या भोजनास पुन्हा हजर! दाढेचे दुखणे समजून आठवडाभर लवंग धरून काढला. ताप आला, गिळणे जड झाले, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. लाळेच्या नलिकेत खडा अडकून ग्रंथीला दाह झाला होता.

लाळग्रंथींच्या मोठ्या जोड्या तीन : कानापुढे, जबड्याखाली व जिभेखाली. बहुतेक खडे जबड्याखालील ग्रंथीत होतात. तेथील लाळ दाट असते व तिला नलिकेतून वर चढावे लागते. खाताना लाळ सुटते, वाट अडल्याने ग्रंथी फुगते. साचलेल्या लाळेत जंतू वाढले की ताप व पू होतो. शरीरातील पाणी घटणे, वार्धक्य आणि तोंड कोरडे पाडणारी काही औषधे यांमुळे हा धोका वाढतो. मुलांचे गाल सुजल्यास मात्र गालगुंडाचीही शंका घ्यावी.

निदानासाठी डॉक्टर तोंडातून ग्रंथी चाचपतात, नलिकेच्या मुखाशी पू येतो का पाहतात. पुढे सोनोग्राफी, गरजेनुसार सीटी स्कॅन. भरपूर पाणी, गरम शेक, हलके मर्दन, लिंबाची फोड चोखणे आणि तोंडाची स्वच्छता यांनी लहान खडा कधी आपोआप निघतो. जंतुसंसर्गास प्रतिजैविके लागतात. पू साचल्यास तो काढावा लागतो. मोठा खडा तोंडातून छेद देऊन किंवा दुर्बिणीने काढतात. ग्रंथी काढणे हा शेवटचा मार्ग. माझा खडा तोंडातूनच निघाला.

न दुखणारी, न ओसरणारी गाठ किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, हे अर्बुदाचे लक्षण असू शकते. तपासणी लांबवू नये. श्वासास अडथळा आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

असातावेदनीय कर्माचा उदय म्हणून दुखणे सोसणे निराळे आणि औषध टाळणे निराळे. ज्येष्ठांनी व मधुमेहींनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गुरुमहाराजांच्या अनुमतीने तिविहार पच्चक्खाण घेऊन उकळलेले पाणी घेता येते.

मी महाडचा रहिवासी. येथील चवदार तळ्याच्या पाण्यावरील हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आपल्याला सहज लाभणाऱ्या पाण्याचे मोल मला मात्र एका खड्याने शिकवले.