मोटारीचे दिवे मंद का होतात?

ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर कापते. रात्री चालकास धोका उशिरा दिसला, तर ब्रेक दाबण्यापूर्वीच हे अंतर संपून जाते.

हॅलोजन दिवे मंदावले, की अधिक वॅटचा बल्ब बसविण्याकडे पुष्कळांचा कल असतो. परंतु दोष अनेकदा बल्बात नसून विजेच्या वाटेत असतो. गंजलेले जोड, सैल अर्थिंग व बारीक तारा यांमुळे विद्युत्‌दाब वाटेतच घटतो. दाब शेकडा 10 ने उतरला, तर तंतू कमी तापतो आणि प्रकाश शेकडा 30 च्या आसपास घटतो. अधिक वॅटचा बल्ब अधिक प्रवाह ओढतो. त्यामुळे दाबाची घट वाढते व तारा तापतात.

यास्तव प्रथम जोड स्वच्छ व घट्ट करावेत. जरूर तर फ्यूज व रिले बसवून जाड तारेने दिव्यास बॅटरीची वीज द्यावी. दिव्यावरील प्लॅस्टिकचे आवरण सूर्याच्या अतिनील किरणांनी पिवळे पडले असल्यास ते घासून पारदर्शक करावे व त्यावर संरक्षक लेप द्यावा. शेवटी झोताचा कोन तपासावा; कारण आपली वाट उजळताना समोरच्याचे डोळे दिपले, तर धोका टळत नाही, केवळ बाजू बदलतो.