फुटक्या तुकड्यांची बाग

कपाचा कान तुटला किंवा बशीला तडा गेला की आपण ती वस्तू कचऱ्यात टाकतो आणि विसरून जातो. कापड कुजते, लाकूड कुजते. परंतु भट्टीत भाजलेली चिनी माती आणि काच कुजत नाहीत. हजारो वर्षांपूर्वीची खापरे उत्खननात आजही सापडतात, ती यामुळेच. मग या न कुजणाऱ्या तुकड्यांचे करायचे काय? कलेने या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे. ते आमच्या सभासदांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, समजावे म्हणून हा लेखप्रपंच.

दगड, काच, शिंपले किंवा चिनी माती यांचे लहान तुकडे चुन्यात अथवा सिमेंटमध्ये शेजारी-शेजारी बसवून जे चित्र तयार होते, त्याला मोझॅक म्हणतात. यात रंग तुकड्याचा स्वतःचा असतो, म्हणून तो ऊन-पावसाने सहसा उडत नाही. ही वस्तू आपल्या ओळखीची आहे. अनेक इमारतींच्या गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवलेले असतात. गवंडी त्याला ‘चायना मोझॅक’ म्हणतात. त्याने गच्ची गळत नाही आणि पांढरा रंग ऊन परतवत असल्यामुळे खालची खोलीही कमी तापते.

ही कला फार जुनी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये नदीतले गोटे जमिनीत बसवून चित्रे काढीत. रोमन लोकांनी मासे, पक्षी, द्राक्षवेली अशी निसर्गचित्रे घराघरांच्या जमिनीवर उतरवली. बँकॉक येथील वाट अरुण या बौद्ध विहाराचे उंच शिखर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी आणि शिंपल्यांनी मढवलेले आहे. त्या तुकड्यांतूनच तेथे फुले उमलली आहेत.

परंतु टाकाऊ वस्तूंच्या मोझॅकचे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण चंदीगड येथे आहे. तेथील ‘रॉक गार्डन’ नेकचंद सैनी या एका साध्या रस्ते-निरीक्षकाने उभारले. नेकचंद यांचा जन्म १९२४ साली आज पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यात झाला. फाळणीत गाव सुटले. पुढे चंदीगड शहराच्या बांधकामावर त्यांना सरकारी नोकरी मिळाली. हे नवे शहर वसवताना जुनी खेडी पाडली गेली. त्या घरांचा राडारोडा, फुटकी भांडी, बांगड्या, सायकलींचे सांगाडे सगळीकडे पडले होते. स्वतःचे गाव गमावलेल्या या माणसाला दुसऱ्यांच्या पडलेल्या घरांतील वस्तू फेकून द्याव्याशा वाटल्या नाहीत.

१९५७ च्या सुमारास त्यांनी हे सामान सायकलवरून सुखना तलावाजवळच्या झाडीत नेण्यास प्रारंभ केला. शिवालिकच्या पायथ्याच्या ओढ्यांतून पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या, माणसांच्या आकाराचे दगडही ते वेचून आणीत. दिवसा नोकरी आणि रात्री हे काम, असा क्रम त्यांनी जवळजवळ अठरा वर्षे गुपचूप चालवला. पद्धत सोपी होती. जुन्या सळ्या किंवा सायकलीचा सांगाडा उभा करायचा, त्यावर सिमेंट-वाळूचा लेप चढवायचा आणि वरचा थर ओला असतानाच त्यात तुकडे दाबून बसवायचे. कपबश्यांच्या तुकड्यांतून पक्षी-प्राणी झाले, बांगड्यांतून स्त्रियांची वस्त्रे झाली, विजेच्या निकामी सामानाच्या भिंती झाल्या.

ती जमीन राखीव होती. तेथे बांधकामाला मनाई होती. १९७० नंतरच्या दशकात ही गोष्ट उघडकीस आली, तेव्हा सुमारे बारा एकरांवर शेकडो मूर्ती उभ्या होत्या. कायद्याप्रमाणे सारे पाडून टाकता आले असते. परंतु लोक पाहावयास लोटले, आणि १९७६ साली बाग सर्वांसाठी खुली झाली. नेकचंद यांना त्याच कामासाठी पगार व मजूर मिळाले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही संकट टळले नाही. १९९० साली रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा शहरातील नागरिक आडवे उभे राहिले आणि बाग वाचली. नेकचंद २०१५ साली वारले. २०२५ साली रस्ता रुंद करण्यासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला आणि नागरिकांना पुन्हा निषेध करावा लागला. पाडलेल्या घरांतून जे उभे राहिले, त्यालाही पाडले जाण्याची भीती आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मोझॅकने कचऱ्याचा प्रश्न सुटतो, असा आमचा दावा नाही. सिमेंट तयार करताना मोठ्या प्रमाणावर कार्बन वायू हवेत जातो. म्हणून शोभेसाठी नवी फरशी विकत आणून फोडणे, हा पर्यावरणाचा मार्ग नव्हे. आधी वस्तू जपून वापरावी, दुरुस्त करावी आणि काहीच उपाय उरला नाही, तरच तिचे तुकडे भिंतीवर चढवावेत.

आमच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. फरशीच्या दुकानातून तुटका माल मागून आणावा. तो गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावा. डोळ्यांना चष्मा व हातांत जाड मोजे असावेत. लहान मुलांना काच हाताळू देऊ नये. भिंतीवर खडूने एखादे झाड आखावे, तुकडे चिकटवावेत, दुसऱ्या दिवशी फटींत पांढरे सिमेंट भरून ओल्या फडक्याने पुसावे. झाड मात्र आपल्या वस्तीत खरोखर असलेलेच निवडावे. ते चित्र पाहताना त्या झाडाचीही काळजी घेतली जाईल.

आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. फुटणे अशुभ मानल्यामुळे शब्द बदलला, पण तुकडे केरातच गेले. नेकचंद यांच्या हाती ती बांगडी खऱ्या अर्थाने वाढली. टाकून दिलेल्या वस्तूचे मोल ओळखणारी हीच दृष्टी आमच्या तरुणांनी आपल्या वस्तीतील ओढ्याकडे, झाडांकडे आणि रोज आपला कचरा वेचणाऱ्या कष्टकरी हातांकडेही वळवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.