पहिली पाळी आजीची

घरात कोणाचे चालते, हे पूर्वी ओसरीवर मधोमध कोण बसते त्यावरून कळत असे. आज ते रिमोट कोणाच्या हाताशी आहे यावरून कळते. वय वाढत जाते तशी निवडीची एकेक जागा माणसाच्या हातून सुटत जाते. आधी बँकेचे व्यवहार मुलाकडे जातात, मग बाजारहाट सुनेकडे. ताटातील मीठ डॉक्टर ठरवतात, झोपेची वेळ औषधाची गोळी ठरवते. अखेरीस संध्याकाळी दूरचित्रवाणीवर काय लावायचे, हेही कोणीतरी परस्पर ठरवून टाकते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. ‘त्यांना काय, काहीही लावले तरी बघत बसतात,’ हे वाक्य कितीतरी घरांत मायेनेच उच्चारले जाते. ज्या वडीलधाऱ्यांविषयी ते उच्चारले जाते, त्यांच्या प्रकृतीच्या दृष्टीने मात्र ते वाक्य थांबून विचार करण्याजोगे आहे.

त्यावर एक साधा, बिनखर्चाचा उपाय म्हणून एक खेळ सुचवावासा वाटतो. चार-पाच जणांनी एकत्र बसायचे आणि पाळीपाळीने आपली आवडती मालिका मागून घ्यायची. एकाने मागितलेली मालिका दुसऱ्याला मिळत नाही. प्रत्येकाच्या पाच मालिका झाल्या की याद्या वाचून दाखवायच्या आणि कोणाची यादी सरस, यावर मनसोक्त वाद घालायचा. परदेशात अशा निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघ १९३६ पासून नवे खेळाडू असेच पाळीने निवडून घेतात, आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी देण्याचा तिथे रिवाज आहे. आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो, तिथे पैसा बोलतो. इथे फक्त पाळी बोलते. खरे तर आपल्याला हे शिकवायला अमेरिका नकोच. शाळेच्या मैदानावर कबड्डीसाठी दोन गडी पुढे होऊन भिडू वाटून घेत, ते आठवले की खेळ समजला.

एक बारकावा तेवढा पाळावा. क्रम नागमोडी ठेवावा. पहिल्या फेरीत पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असा क्रम असेल, तर दुसऱ्या फेरीची सुरुवात चौथ्यापासून करावी. त्यामुळे शेवटी बसलेल्याच्या वाट्याला लागोपाठ दोन मालिका येतात आणि पहिल्याचा फायदा भरून निघतो. पहिली पाळी घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीची.

एवढ्याशा निवडीने काय साधणार, असे कोणी विचारील. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात एक प्रयोग केला. एका मजल्यावरील रहिवाशांना सांगण्यात आले की, तुमच्या खोलीची आणि तुमच्या वेळेची जबाबदारी तुमची. हे रोप तुम्ही निवडा, तुम्हीच त्याला पाणी घाला, आणि चित्रपट कोणत्या रात्री पाहायचा तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोपही दिले, चित्रपटही दाखवला. परंतु सारे काही कर्मचाऱ्यांनी ठरवून. तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक सावध, अधिक हिंडतीफिरती आणि अधिक आनंदी आढळली. पुढे दीड वर्षाने या गटात मृत्यूही कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले, पण त्या आकडेमोडीत नंतर दुरुस्ती करावी लागली आणि तो निष्कर्ष बराच सौम्य झाला. तेव्हा चित्रपटाची रात्र निवडल्याने आयुष्य वाढते, असे म्हणू नये. माणूस जागा होतो, एवढे म्हणता येते. आणि दिवसभर खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या माणसाच्या घरी ही काही थोडी गोष्ट नव्हे.

आता हा खेळ अंबडसारख्या गावी कसा रंगेल ते पाहू. मराठवाड्यात दूरचित्रवाणी उशिरा आली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले खरे, पण त्याचे चित्र मुंबई आणि पुढे पुण्याच्या परिसरापुरते होते. लहान प्रक्षेपण केंद्रांचे जाळे देशभर पसरले ते १९८४च्या सुमारास, ‘हम लोग’ सुरू झाली त्याच वर्षी. म्हणून अंबडच्या एखाद्या आजोबांनी ‘चिमणराव’ मागितला, तर ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याकडे होते, असा अंदाज बांधायला हरकत नाही. यादी म्हणजे केवळ आवडीनिवडी नसतात. माणूस कोणत्या वर्षी कोणत्या गावी होता, घरात वीज आणि संच केव्हा आला, याची ती नोंद असते.

समजा, मत्स्योदरी देवीच्या टेकडीपासून जवळच्या एका घरात रविवारी दुपारी चारच्या चहाला आजी, आजोबा आणि सून बसले आहेत, आणि पुण्यात शिकणारी नात व्हिडिओ कॉलवर आहे. घर कल्पनेतले आहे. मालिका मात्र खऱ्या.

पहिली पाळी आजींची. त्या क्षणाचाही विलंब न लावता ‘रामायण’ घेतात. आजोबा चिडतात, कारण त्यांच्याही मनात तेच होते. या चिडण्यातच खेळाचा प्राण आहे. मग नात विचारते, ‘आजी, का गं?’ आजी राम-सीतेविषयी फारसे बोलतच नाहीत. रविवारी साडेनऊच्या आत अंघोळी आणि स्वयंपाक कसा उरकायचा, आळीत संच कोणाकडे होता, बायका कुठे बसत आणि पुरुष कुठे, संचाला हार घालणारे कोण होते, हे त्या सांगत राहतात. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात झालेल्या त्या ७८ भागांत आजींच्या आयुष्याची दीड वर्षे दडलेली असतात. नातीने ही मालिका २०२०च्या टाळेबंदीत पाहिलेली. दोघींचे ‘रामायण’ एकच आणि तरी वेगवेगळे.

आजोबा नाइलाजाने ‘महाभारत’ घेतात. सून ‘आभाळमाया’ मागते. तिचे कारण ऐकण्यासारखे आहे: ही मालिका तिने पाहिली कमी, ऐकली जास्त. माहेरी ती स्वयंपाकघरात असे आणि बाहेरच्या खोलीतून सुधा जोशींचा आवाज येत असे. नात ‘चला हवा येऊ द्या’ घेते आणि नागमोडी क्रमामुळे लगेच ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ही उचलते. आजींना ते मुळीच पसंत पडत नाही. टिपरे आबांवर अधिकार नातीचा कसा? या मालिकेत दिलीप प्रभावळकरांनी आबा रंगवले तेव्हा त्यांनी साठीही गाठली नव्हती. चिमणरावही त्यांचाच. आता त्यांनी स्वतः ऐंशी ओलांडली आहे. हे कोणी बोलून दाखवले की खोलीत क्षणभर शांतता पसरते आणि मग पुष्कळ हशा पिकतो.

सून ‘दामिनी’ घेते. आजोबा ‘आमची माती आमची माणसं’ मागतात, आणि भांडण जुंपते: शेतीचा कार्यक्रम ही मालिका होते काय? माझ्या मते अशा वेळी नियम सैल सोडावेत. आजोबांना कोणते बियाणे, कोणती फवारणी, कोणते दुष्काळी वर्ष आठवते, ते त्या हट्टातूनच बाहेर येणार आहे. याच न्यायाने ‘होम मिनिस्टर’लाही प्रवेश द्यावा, पैठण इथून फार दूर नाही, आणि पैठणीचा विषय निघाला की बोलणे कपाटातल्या साड्यांपर्यंत जाते. शेवटी आजींच्या वाट्याला लागोपाठ दोन पाळ्या येतात. त्या ‘चार दिवस सासूचे’ आणि ‘जय मल्हार’ घेतात. पहिलीचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. म्हणजे त्या मालिकेतील माणसे आजींना कित्येक सख्ख्या नातलगांपेक्षा अधिक वेळा भेटली. दुसरीचे कारण विचारायची गरज पडत नाही. होळकरांच्या अमलात राहिलेल्या या गावात खंडोबा घरचाच.

पंच कोणी व्हावे? शेजारच्या काकूंना बोलवावे. त्यांना आपल्या घराबाहेर पडायला तेवढेच निमित्त होते.

आठवणींना बोलते करणे ही काही नुसती करमणूक नव्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले की, म्हातारपणी मागे वळून आयुष्याची उजळणी करणे हे भ्रमिष्टपणाचे लक्षण नसून मनाची स्वाभाविक गरज आहे. त्यातूनच स्मरणोपचार पुढे आले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील अशा उपचारांचा २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. त्यात लाभ दिसले, पण ते लहान होते आणि सर्वत्र सारखे नव्हते. औषधाऐवजी खेळ, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या देशात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. एवढ्या घरांत रोजची संध्याकाळ कशी घालवायची, हा प्रश्न औषधाच्या चिठ्ठीने सुटत नाही.

इथे वयाचा एक हिशेब लक्षात ठेवावा. माणसाला सर्वांत ठळकपणे आठवतो तो साधारण १० ते ३० या वयातील काळ. आज जे ७५ वर्षांचे आहेत ते ‘रामायण’ लागले तेव्हा सदतिशी-अडतिशीत होते. त्यांच्या ऐन तारुण्यात घरात संचच नव्हता. होता तो रेडिओ. तेव्हा ऐंशीच्या घरातील व्यक्ती मालिकांच्या नावांवर गप्प राहिली, तर तिला विसर पडला असे समजण्यापूर्वी पाळी रेडिओकडे वळवून पाहावी. बुधवारची ‘बिनाका गीतमाला’ चालेल. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे लागलेले ‘गीतरामायण’ चालेल. गावात आलेला तंबूतला सिनेमाही चालेल.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीबरोबर खेळताना खेळ लहान करावा. ‘कोणती हवी?’ असा मोकळा प्रश्न तिला भांबावून टाकतो. ‘रामायण की महाभारत?’ हा प्रश्न पेलतो. नावे जाड अक्षरांत चिठ्ठ्यांवर लिहावीत, एका वेळी दोनच समोर ठेवाव्यात आणि बोटाने दाखवले तरी निवड झाली असे मानावे. ‘आठवतं का?’ हे शब्द टाळावेत, कारण त्यांत परीक्षा दडलेली असते. कृष्ण कोणी केला होता हे नाव चुकले तर चुकू द्यावे. ऐकू कमी येत असेल तर खेळण्यापूर्वी श्रवणयंत्राची बॅटरी पाहावी आणि संच बंद ठेवावा; चालू संचासमोर संचाविषयी बोलणे कानांना जड जाते. काही रुग्णांना पडद्यावरची माणसे घरात शिरली आहेत असे वाटते. तसे होत असेल तर वाद न घालता संच बंद करावा, मारामारीच्या आणि आक्रोशाच्या मालिका बाजूला ठेवाव्यात, आणि हे लक्षण डॉक्टरांच्या कानावर घालावे.

खेळ संपल्यावर पाहण्याची वेळ येते, तिथेही माप हवे. इंग्लंडमध्ये ५० वर्षांपुढील ३,६६२ जणांचा सहा वर्षे मागोवा घेण्यात आला. दिवसाला साडेतीन तासांहून अधिक वेळ दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांची शब्द लक्षात ठेवण्याची शक्ती अधिक घसरलेली आढळली. कारण आणि परिणाम यांचा निवाडा अशा पाहणीतून होत नाही, परंतु सावध होण्यास ती पुरेशी आहे. जाहिराती लागल्या की उठून अंगणापर्यंत चालून यावे, पाणी प्यावे. पाय खाली लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसू नये. जिंकलेल्या यादीतील एक भाग संध्याकाळी जेवणापूर्वी पाहावा. रात्री उशिराचा नको, झोप मोडते. जुने भाग मिळवणे आता कठीण राहिलेले नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘वेव्हज’ या ॲपवर दूरदर्शनच्या कित्येक जुन्या मालिका आहेत. ते नातीने लावून द्यावे.

राहता राहिली सून. आजारी माणसाची सेवा करणारी व्यक्ती या खेळात बहुधा चहा करणारी ठरते आणि तिची पाळी ‘तुम्ही घ्या, मी नंतर घेते’ म्हणत निघून जाते. ते होऊ देऊ नये. दिवसभर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या तिलाही निवडीची भूक असते. ती बसल्याशिवाय खेळ सुरू करू नये, आणि तिच्या यादीतील एक भाग आठवड्यातून एकदा असा लागावा की त्या वेळेपुरते आजींजवळ दुसरे कोणी बसेल. चहा त्या दिवशी आजोबांनी करावा. साखर किती, हे त्यांना बाहेरून ओरडून सांगता येईल.

याद्यांचा कागद फेकू नये. त्यावर तारीख घालून तो औषधांच्या फाइलमध्ये ठेवावा. दोन महिन्यांनी पुन्हा खेळताना आजींनी ‘रामायण’ सोडून भलतेच काही मागितले, किंवा मागच्या वेळी भरभरून बोललेल्या आजोबांना या वेळी एकही नाव सुचले नाही, तर हा बदल मोघम न राहता तारखेसह डॉक्टरांना दाखवता येतो. निदान त्या कागदावरून होत नाही, पण ‘कधीपासून?’ या डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळते. आणि पुढच्या डावात पहिली पाळी आजोबांची, म्हणजे या वेळी ‘रामायण’ कोणाच्या नावावर जाते, यावरून आदल्या दिवसापासूनच घरात कुरबुर सुरू झालेली असेल.